केळी अजून कच्ची आहेत

मुहोंगो टेकडी
२ मार्च १९९३

वेनान्सी,

सेबुहोरोने मासळीच्या टोपलीबरोबर तुझी चिठ्ठी आणून दिली. इतक्या वर्षांनी चिठ्ठी आणि तीत काय, तर 'माझ्या सासूबाई कशा आहेत?' अगं, थोरली बहीण मेली की जिवंत आहे, एवढं तरी विचारायचंस. बाबा गेले तेव्हा मी निरोप धाडला होता, तू आली नाहीस. तुझ्या नवऱ्याला तुत्सी म्हणून शाळेतून हाकललं आणि तुम्ही दोघं तळ्यातल्या, सरहद्दीपलीकडच्या बेटावर पळालात, त्या दिवशी बाबांनी तुला फाटकातूनच परत फिरवलं होतं. ते तू विसरली नाहीस. नको विसरू. पण मी म्हणजे बाबा नव्हे.

तर ऐक. तुझी सासू ठणठणीत आहे. गुडघे धरतात, जीभ नाही धरत. रोज दुपारी काठी टेकत माझ्या गुत्त्यावर येते, भिंतीला पाठ लावून बसते, मडक्यात आपली नळी खुपसते आणि पुरुषांच्या बरोबरीने केळ्याची दारू ओढते. धाकटा मुलगा कालिक्स्त तिला न्यायला येतो. तो आता शिंप्याचं मशीन चालवतो. त्याला तीन लेकरं आहेत. त्यातली धाकटी थेट तुझ्या नवऱ्यासारखी दिसते, कपाळ तेवढंच मोठं.

परवा गुत्त्यावर वॉर्डाचा मेंबर अनाक्ले ओळखपत्रांवर हुतू की तुत्सी ते तपासत बसला होता. उत्तरेत पळालेल्या तुत्सींच्या फौजेशी पुन्हा लढाई सुरू झाली आहे ना, म्हणून. तुझ्या सासूने, कांकिंदी आईने, आपलं कार्ड त्याच्यापुढे टाकलं आणि म्हणाली, "नीट वाच रे बाबा, रात्रीतून बदललं नसेल ना?" सगळे हसले. मग ती माझ्याकडे वळली. "द्रोसेला, तुझ्या आज्याकडे माझ्या सासऱ्यापेक्षा जास्त गाई होत्या. पण तो गोरा साहेब गाई मोजून जात लिहायला आला त्याच्या आदल्याच वर्षी साथ आली आणि तुमचा गोठा रिकामा झाला. साहेबाने लिहिलं, हुतू. गाईंच्या हगवणीने तुम्हाला हुतू केलं, पोरी!" लोक पोट धरून हसले. अनाक्लेसुद्धा हसला, पण थोडा उशिरा.

आता आपल्या धाकट्या भावाचं, गास्पारचं. कॉफी धुण्याचा कारखाना बंद पडला, त्याची नोकरी गेली. कॉफीला कुणी विचारत नाही. लोक झाडं उपटून बीन्स लावतात आणि उपटायला बंदी आहे म्हणून फांद्या लपवतात. त्याला एक मुलगी पसंत आहे, पण तिचा बाप म्हणतो, आधी घर बांध, मग बोल. घर बांधायचं कुठे? बाबांची जमीन म्हणजे हे माझं अंगण आणि ओढ्याकाठचं ते शेत. ते शेत कुणाचं होतं हे तुला माहीतच आहे. एकोणसाठ साली तुझे चुलत सासरे पळाले आणि ते बाबांच्या वाट्याला आलं. पूर्वी कुणी बोलत नव्हतं. आता बोलतात.

उत्तरेतून पळून आलेला एक माणूस गुत्त्याच्या ओट्यावर राहतो. त्याचं घर, बायको, सगळं गेलं. विचारलं तर सांगत नाही, न विचारता सांगतो. तो बोलायला लागला की नळ्यांचा आवाज थांबतो. मग सगळे हळूच कांकिंदी आईकडे बघतात. ती बिचारी त्याच्यासाठी हळहळत असते.

द्रोसेला


मुहोंगो टेकडी
२२ ऑगस्ट १९९३

वेनान्सी,

तुझं पत्र आलं. या वेळी चार ओळी माझ्यासाठी होत्या. बरं वाटलं, पण लगेच फुगू नकोस.

हो, सरकारचा आणि उत्तरेतल्या फौजेचा तह झाला. तुमच्या बेटावर लोक नाचले म्हणतेस. इथे कुणी नाचलं नाही. तहात लिहिलंय की पळालेले सगळे परत येणार. मग अनाक्ले गुत्त्यात उभा राहिला आणि एकेकाकडे बोट दाखवत गेला. "तुझं कोपऱ्यातलं शेत कुणाचं होतं? तुझी विहीर कुणाची? तुझ्या गोठ्याची जागा?" या टेकडीवर प्रत्येकाकडे दुसऱ्याचं काही ना काही आहे, वेनान्सी, आणि प्रत्येकाला वाटतं की फक्त आपल्यालाच ते ठाऊक आहे. शेवटी तो गास्पारपाशी आला. "आणि तू? एक दिवस ते ओढ्याकाठी येऊन उभे राहतील आणि म्हणतील, ऊठ." गास्पार हसत म्हणाला, "उठेन की. आत्ता तरी कुठे मला बसू दिलंय कुणी?" तो तसाच आहे, चेष्टेखोर. पण त्या संध्याकाळी तो ओढ्याकाठी गेला आणि बांधावर नुसता बसून राहिला. मी वरून बघत होते.

रेडिओचं नवं केंद्र सुरू झालंय. खरं सांगते, मलाही आवडतं. गाणी काय, चुटके काय! निवेदक असे बोलतात की जणू आपल्याच ओट्यावर पाय पसरून बसलेत. आधी गाणं लावतात, मग एक चुटका सांगतात, मग झुरळांबद्दल काहीतरी बोलतात, मग परत गाणं. पहिल्यांदा मला वाटलं खरोखरच्या झुरळांबद्दल चाललंय. कांकिंदी आईला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, ते माझ्याबद्दल आहे," आणि नळी चोखत राहिली.

गास्पारला सरकारच्या पार्टीने एक छोटा रेडिओ दिला. तरुणांचा प्रमुख केलंय त्याला. दुपारी मैदानात कवायत असते. रंगीबेरंगी कापडाचे शर्ट ठरलेत त्यांचे, आणि ते शिवायला दिलेत कुणाकडे, सांग? कालिक्स्तकडे. टेकडीवर दुसरा शिंपी आहेच कोण? मी तिथे होते माप घेताना. कालिक्स्तने गास्पारच्या खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावली आणि म्हणाला, "हात केवढे लांब झाले रे तुझे! शाळेत असताना माझ्या खांद्याला लागायचास." गास्पार म्हणाला, "सैल ठेव जरा. हात वर उचलता आला पाहिजे." दोघंही अगदी सहज बोलले. घरी येऊन मी शेगडी पेटवली आणि उगाच तिच्यापाशी बसले.

आणि एक. गेल्या आठवड्यात अनाक्लेने माझ्याकडे वेगळं मडकं मागितलं. "घसा खराब आहे," म्हणाला. मी दिलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांचे घसे खराब झाले. आता कांकिंदी आईच्या मडक्यात ती एकटीच नळी घालते.

तुझी भाची ओदेत शाळेतून आली आणि विचारायला लागली, "आई, आपण काय आहोत? मास्तरांनी तुत्सींना उभं राहायला सांगितलं, मी उभी राहिले, तर सगळे हसले." मी म्हटलं, मग? तर म्हणाली, "मास्तर म्हणाले, बस खाली, तू सुटलीस."

द्रोसेला


मुहोंगो टेकडी
१९ नोव्हेंबर १९९३

वेनान्सी,

बुरुंडीत त्यांच्या राष्ट्राध्यक्षाला मारलं. तो हुतू होता, निवडून आलेला होता. मारणारे तुत्सी सैनिक होते. ही बातमी आली त्या दिवशी गुत्त्यात कुणी दारू मागितली नाही. अनाक्ले एवढंच बोलला, "पाहिलंत?" आणि सगळ्यांनी मान हलवली. त्याआधी जे त्याला हसत होते त्यांनीसुद्धा. मीसुद्धा हलवली. खोटं का लिहू?

त्यानंतर इथे सगळे फार चांगले वागायला लागलेत. कसं सांगू तुला? पूर्वी बांधावरून शिव्या चालायच्या, शेळी शेतात शिरली म्हणून बायका एकमेकींच्या आया काढायच्या. आता कुणी भांडत नाही. शेतात शिरलेली शेजाऱ्याची शेळी कालिक्स्तने बांधून ठेवली तरी शेजारी भांडला नाही. "राहू दे तुझ्याकडे," म्हणाला. "आज काय, उद्या काय." कालिक्स्तने घाबरून शेळी स्वतः नेऊन दिली.

शनिवारी श्रमदान होतं. तुला आठवतं ना, रस्ते, गटारं, झाडं. या वेळी मेंबरने सांगितलं, झाडोरा तोडायचा. घरांमागचा, केळीच्या बागांमधला, पायवाटेच्या कडेचा. सापाला लपायला जागा राहायला नको. सगळे कोयते घेऊन निघाले. गास्पार आपली कवायतीची पोरं घेऊन कांकिंदी आईच्या घरी गेला. कुंपण कमरेएवढं कापलं, केळीची सुकलेली पानं खुडली, मागची ज्वारीची ताटं भुईसपाट केली. मी माझ्या अंगणातून बघितलं तर पहिल्यांदाच तिचं दार दिसलं. इतकी वर्षं मला तिथून नुसती हिरवळ दिसायची.

म्हातारी खूश झाली. "बघ, उजेड आला घरात!" पोरांना तिने दुधाची कासंडी दिली. एकेकाने तोंडाला लावली. गास्पारने सगळ्यात शेवटी घेतली. प्यायला, ओठ पुसले, आणि म्हणाला, "म्हातारे, तुझ्या गाईचं दूध अजून गोड आहे."

"मग ये रोज," ती म्हणाली.

"येईन," तो म्हणाला.

संध्याकाळी मी त्याला धरलं. म्हटलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, "ताई, आयुष्यात पहिल्यांदा मला लोक रस्ता देतात. अनाक्ले मला पूर्ण नावाने हाक मारतो. कारखान्यात दहा वर्षं मी 'ए' होतो." मी म्हटलं, म्हणून तू म्हातारीचं कुंपण कापणार? तर तो हसला, मला जवळ घेतलं आणि म्हणाला, "कुंपण परत वाढतं गं."

द्रोसेला


मुहोंगो टेकडी
२० मार्च १९९४

वेनान्सी,

हे पत्र वाचलंस की लगेच सेबुहोरोला होडी घेऊन पाठव. दिवसाउजेडी, मासळी विकायला आल्यासारखा येऊ दे. तुझ्या सासूला आणि कालिक्स्तच्या माणसांना तिकडे ने.

काय झालं म्हणून विचारशील. काहीच झालं नाही. तेच तर आहे. रेडिओवर नेहमीची गाणी, बाजारात नेहमीचे रताळ्याचे ढीग. पण कालिक्स्तकडे कुणी कपडे शिवायला टाकत नाही. ज्यांचे शिवून तयार आहेत ते न्यायलाही येत नाहीत. तो विचारतो तर म्हणतात, "असू दे, घाई नाही." दोन-तीन बायका त्याच्या घरी जाऊन भांडी बघून आल्या. नुसत्या बघून. एकीने त्याच्या बायकोला विचारलं, "ही परात किती वर्षांची?" काल मी गेले तेव्हा अनाक्लेची बायको दारात उभी राहून पत्र्याचं छप्पर न्याहाळत होती. मला बघून म्हणाली, "गळत नाही वाटतं यांचं."

मी कांकिंदी आईला सांगितलं, बेटावर जा. ती काय म्हणाली ऐक. "एकोणसाठला घर जाळलं. त्रेसष्टला जाळलं. त्र्याहत्तरला गाई खाल्ल्या. दर वेळी आम्ही चर्चमध्ये गेलो, थोडे दिवस राहिलो, परत आलो. ज्यांनी जाळलं त्यांनीच छप्पर शाकारायला मदत केली, आणि तुझा बाप त्यांत होता. कुणाला शिक्षा झाली? नाही. कुणी माफी मागितली? नाही. चालतंच हे. मी पाण्याला फार भिते, द्रोसेला. माणसांना नाही."

तू सांगितलंस तर ऐकेल. तुझ्या नवऱ्याला लिहायला सांग.

द्रोसेला


मुहोंगो टेकडी
२४ एप्रिल १९९४

प्रिय भगिनी वेनान्सी हिस,

इकडे सर्व क्षेम आहे. हे पत्र गास्पार सांगतो आहे तसं लिहिते. तो बाजूला उभा आहे आणि त्याच्या माणसाकरवी पाठवणार आहे.

आपल्या राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं हे तुला कळलंच असेल. त्यानंतर टेकडीवर काम सुरू झालं. पाऊस चांगला आहे. लोक सकाळी एकत्र निघतात, गाणी म्हणत जातात आणि संध्याकाळी येतात. कुणी आळस करत नाही. गास्पार म्हणतो, तुझ्या नवऱ्याला सांग की इकडे येऊ नये, इथे त्याचं आता कुणी नाही आणि काही नाही.

तुझी सासू टेकडीवर नाही.

माझं बरं चाललं आहे. दारू पुरत नाही. केळी पिकायला पुरून ठेवली आहेत.

तुझी बहीण
द्रोसेला


मुहोंगो टेकडी
३० जुलै १९९४

वेनान्सी,

सेबुहोरोने सांगितलं की तुझी सासू पोचली. होडीत तिने डोळे मिटून घेतले होते, म्हणाला, आणि पूर्ण वाट त्याचा शर्ट धरून होती.

ती तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

विमान पडल्याच्या चौथ्या दिवशी ते सगळे खाली चर्चकडे निघाले. कालिक्स्त, त्याची बायको, तीन लेकरं, डोक्यावर चटया. माझ्या फाटकाशी आल्यावर म्हातारीचे गुडघे बसले. "तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली, "मी जरा टेकते आणि येते." कालिक्स्त तिला पाठीवर घ्यायला वाकला. तिने त्याला काठीने ढकललं. "पोरांना घे. जागा धर माझ्यासाठी." तेवढंच. ती माझ्या ओट्यावर बसली आणि खालच्या रस्त्याने ते दिसेनासे झाले. ती उठायच्या आत गास्पारच्या पोरांच्या शिट्ट्या सुरू झाल्या.

परसातला केळी पिकवायचा खड्डा तुला माहीत आहे. लहानपणी तू त्यात पडली होतीस. मी त्यात तिला उतरवलं. वर बांबू, केळीची पानं, माती. एका कोपऱ्याला धुरासाठी भोक असतं, तेच तिचं नाक. अंधार पडला की वर काढायची, उजाडायच्या आत परत आत. ओदेतला म्हटलं, खड्ड्याकडे जायचं नाही. तिने विचारलं नाही का म्हणून. त्या महिन्यांत कुठल्याच लेकराने काही विचारलं नाही.

आणि गुत्ता चालू होता. बंद केला असता तर संशय आला असता. रोज दुपार कलली की ते यायचे. आता मला जे सांगायचंय ते हे, वेनान्सी. ते राक्षसासारखे यायचे नाहीत. कापणीवरून माणसं येतात तसे यायचे, दमलेले, चिखलाचे पाय ओट्यावर आपटत. कुणाचा खांदा दुखायचा, कुणी कोयत्याला धार नाही म्हणून कुरकुरायचा. कुणाला छपराचा पत्रा मिळाला, कुणाला परात. "तुझं काय, सगळं चांगलं तुझ्याच वाट्याला येतं," असं एकमेकांना म्हणायचे. आणि पुन्हा सगळे एकाच मडक्यातून प्यायला लागले होते. कुणाचा घसा खराब नव्हता. इतकं गुण्यागोविंदाने ती माणसं मी कधी बसलेली पाहिली नव्हती. उत्तरेतून आलेला तो माणूससुद्धा हसत होता. रेडिओ लावलेला असायचा. चुटके तेच, गाणी तीच. खड्डा तिथून हाकेच्या अंतरावर. ती सगळं ऐकत असायची. चर्चमध्ये काय झालं तेही तिने तसंच ऐकलं, अनाक्लेच्या तोंडून, दारूचे घोट घेत सांगताना.

एक दिवस मडकी रिकामी झाली. अनाक्ले ओरडला, "परसात केळी पुरलीत ना? बघा पिकलीत का." मी म्हटलं, मी बघते. तोवर गास्पार उठला होता. "तू बस, ताई." मी त्याच्या मागोमाग गेले. अनाक्ले दारात उभा. गास्पारने पायाने माती सारली, वाकून पानं उचलली.

ती खाली होती, गुडघे पोटाशी घेतलेली. तिने डोळे मिटले नाहीत. तो तिच्याकडे बघत राहिला. मला फक्त त्याची मान दिसत होती. मग त्याने एकेक पान परत ठेवलं, अगदी नीट, कडेला कड लावून. माती ओढली. पायाने हलकेच दाबली.

"केळी अजून कच्ची आहेत," तो म्हणाला. "आठवडाभर हात लावू नका."

"आठवडाभर? आणि आम्ही काय पाणी प्यायचं?" अनाक्ले म्हणाला.

"पलीकडच्या टेकडीवर मडकी भरलेली आहेत. अजून तिथे कुणी गेलंच नाही. चला उद्या." आणि ते गेले. सकाळी गाणं म्हणत गेले, गास्पार पुढे. त्या टेकडीवर काय झालं ते मला ठाऊक आहे. त्यांनी येऊन सांगितलं. मी हे दोन्ही तुला लिहिते, कारण एक सांगून दुसरं ठेवता येत नाही. एका म्हातारीवर त्याने पानं झाकली आणि त्याच पायांनी तिकडे गेला.

शेवटी फ्रेंच सैनिक किनाऱ्यावर आले, तेव्हा मी तिला सेबुहोरोकडे पोचवलं. मग या महिन्यात उत्तरेकडची फौज जवळ आली आणि टेकडी रिकामी झाली. मेंबर, मास्तर, बायका, पोरं, डोक्यावर पत्रे घेऊन सगळे तळ्याकडे. गास्पार निरोप घ्यायला आला. शर्ट टाकून दिला होता. मी विचारलं, "चर्चमध्ये तू होतास?"

"सगळेच होते, ताई."

"मग खड्डा का झाकलास?"

तो माझ्याकडे बघत राहिला. खरंच न कळल्यासारखा. "कुठला खड्डा?"

"माझा. परसातला."

"तिथे केळी होती," तो म्हणाला. मला वाटलं चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता.

तो तळं ओलांडून गेला. बेटावर आला तर तुझ्या दारात येईल. भुकेला असेल आणि गोड बोलेल. दार उघडायचं की नाही, हे मी सांगणार नाही.

द्रोसेला


मुहोंगो टेकडी
१६ नोव्हेंबर १९९४

वेनान्सी,

घाबरून लिहिलेलं तुझं पत्र आणि तुझी सासू, दोन्ही एकाच दिवशी पोचली. शोधू नकोस, ती माझ्याकडे आहे.

गास्पार आला होता हे तू लिहिलंस ते वाचलं. तू त्याला अंगणातच उभं केलंस आणि तुझा नवरा घरात जाऊन बसला. आणि म्हातारीने बाहेर येऊन त्याला एकच गोष्ट विचारली, "कुठे?" त्याने सांगितलं. चर्चमधून नेऊन टाकलं ते कॉफीच्या कारखान्यामागे, अव्होकाडोच्या दोन झाडांमधे, तळ्याच्या बाजूला. कालिक्स्त आणि पोरं, बायको थोडी अलीकडे. शेताच्या हद्दी सांगतात तसं सांगितलं, असं तू लिहितेस. तो आवाज मला इथे ऐकू आला. मग तो निर्वासितांच्या छावणीकडे गेला आणि दोन दिवसांनी म्हातारी होडीत बसली. पाण्याला भिणारी बाई, कुणाला न सांगता.

इथली टेकडी तू ओळखणार नाहीस. ज्वारी उभीच वाळली, कुणी कापली नाही. कुत्री माणसांना बघून बाजूला होत नाहीत. जे थोडे उरलेत ते दिवसाही दार लावून बसतात. जे मारले गेले त्यांच्यातले, जे मारत होते त्यांच्यातले, आणि माझ्यासारखे, ज्यांना दोन्हीकडचे बघतात. चुली पेटतात, पण आवाज नाही. मी गुत्ता उघडला नाही.

काल दुपारी खालून एक आवाज आला. मी दचकले. इतक्या महिन्यांत टेकडीवर मोठ्याने कुणी बोललं नव्हतं. "घरात शांती आहे ना?" मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, थोडं वर, "घरात शांती आहे ना?"

मी फाटकाशी गेले. कांकिंदी आई चढ चढत होती. पहिलं घर तुझ्या वर्गातल्या मैत्रिणीचं, आता नुसत्या भिंती. तिथे ती थांबली, घरच्यांची नावं घेतली, क्षेम विचारलं, आणि काठीवर हात ठेवून उभी राहिली, कुणी बाहेर यायला जेवढा वेळ लागतो तेवढी. मग पुढच्या घरी. छप्पर नाही, चौकट नाही. तिथेही नावं घेतली, पोरांचीसुद्धा, वाट बघितली. एकही फाटक चुकवलं नाही. अनाक्लेच्या घराशीही थांबली. त्याची म्हातारी आई आत आहे, एकटीच मागे राहिलेली. तिचंही नाव घेतलं. आतून चटई सरकल्याचा आवाज आला. दार उघडलं नाही. म्हातारी तेवढीच थांबली आणि पुढे निघाली. लावलेल्या दारांमागे माणसं उभी होती, मला फटींतून त्यांचे पाय दिसत होते.

स्वतःच्या घरापाशी मात्र ती न थांबता पुढे आली. माझ्या फाटकाशी मी समोर उभी असून तिने हाक मारली, रीतीने, जणू मी आत आहे. "द्रोसेला, घरात शांती आहे ना?"

काय उत्तर द्यायचं ते लहान पोरालाही ठाऊक असतं. ती थांबली. मग काठी उचलली, पुढे जायला. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "आहे, आई. ये आत."

ती बसली, पाणी प्यायली. म्हणाली, "कुदळ आहे का दुसरी? सकाळी खाली जाऊ." आज आम्ही गेलो. त्याने खोटं सांगितलं नव्हतं. जास्त लिहीत नाही. ओदेतने चटया आणल्या. दुपारी आम्ही खणत असताना कुणीतरी बाजूला येऊन उभं राहिलं. अनाक्लेची आई होती, हातात कुदळ. कांकिंदी आईने वर बघितलं नाही, पण थोडी सरकली आणि तिला जागा करून दिली. तिघी खणत राहिलो.

ती आता इथेच राहीन म्हणते. तुझ्या नवऱ्यासाठी तिचा निरोप मी जसाच्या तसा लिहिते: "त्याला सांग, यायचं तेव्हा भर दिवसा ये. चढताना एकेका फाटकाशी थांब आणि हाक मार. उत्तर येतं की नाही ते बघू नकोस. आतले ऐकतात."

द्रोसेला